आ वासून निजणारें मूल

घोडपदेवाच्या आसपास ज्यांचें बालपण गेलें, त्यांनीं रात्रीची शांतता बहुधा पुस्तकांतच वाचली. एका बाजूस गोदी, दुसऱ्या बाजूस गिरण्या, मधून मालगाड्यांचे रूळ. जहाजांचे भोंगे, डब्यावर डबा आदळल्याचा खणखणाट आणि पहांटे गिरणीची हांक यांच्या सोबतीनें आम्ही वाढलों. एकेका खोलींत आठ-आठ माणसें निजत. त्यामुळें कोण कसा घोरतो याची माहिती साऱ्या मजल्यास असे, आणि चाळींत तिचा उपयोग थट्टेपलीकडे होत नसे.

आमच्या शेजारच्या खोलींत आमच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याचें तोंड दिवसां अर्धवट उघडें असे आणि रात्रीं पुरतें. पुढचे दांत ओठांबाहेर डोकावत, डोळ्यांखालीं काळसर छाया असे, आणि निजेंत तो एखाद्या थोराड माणसासारखा घोरे. मध्येंच तें घोरणें थांबे. कांहीं वेळ कांहींच ऐकूं येत नसे. मग हुंदका दिल्यासारखा श्वास येई आणि पुन्हां घरघर सुरू होई. त्याची आजी त्यास कुशीवर वळवी, एवढाच काय तो उपचार. वर्गांत तो चुळबूळ करी, सांगितलेलें विसरे आणि छडी खाई. गुरुजी त्यास मठ्ठ म्हणत. आम्ही मुलें त्यास 'आ' म्हणून हांक मारीत असूं. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याच्या वडिलांची नोकरी गेली, त्याची शाळाहि सुटली आणि त्याचें सारें खापर संपावर फुटलें. तें खोटें नव्हतें; परंतु सर्वस्वीं खरेंहि नव्हतें, असें आतां वाटतें.

त्या मुलाचें दुखणें त्या काळीं जगांत कोणासच ठाऊक नव्हतें काय, हा प्रश्न पुढें आम्हांस पुष्कळ दिवस छळीत राहिला. इतिहास चाळून पाहतां मिळालेलें उत्तर चमत्कारिक आहे. तें ठाऊक होतें. अनेकदां ठाऊक झालें होतें, आणि जवळजवळ तितक्याच वेळां विसरलें गेलें होतें. विसरण्याचें मोठें कारण म्हणजे वैद्यकांत झालेली वाटणी. नाक एका वैद्याकडे गेलें, दांत दुसऱ्याकडे गेले, आणि झोंप फार दिवस कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. या वाटणीची आणि ती हळूहळू मोडत चालल्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शरीराची रचना पाहूं. चाळींत राहिलेल्या माणसास ती समजणें अवघड नाहीं. खालच्या खोलीचें छत तीच वरच्या खोलीची जमीन असते. तोंडाचें छत म्हणजे टाळू, आणि तीच टाळू नाकाच्या पोकळीची जमीन होय. खालची खोली अरुंद असली, तर वरची ऐसपैस असण्याचा संभव थोडा. मराठींत डोक्यावरच्या नाजुक जागेसहि टाळू म्हणतात. ती तेलानें भरण्याविषयीं आमच्या घरोघर केवढी दक्षता! न्हाऊं घालणारी बाई बाळाचें नाक चिमटीनें ओढून सरळ करूं पाहते. त्या नाकाच्या आंत वारा खेळतो कीं नाहीं, हें मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि तोंडांतल्या टाळूकडे तर कोणाचेंच लक्ष जात नाहीं.

वरचा जबडा दोन अर्धांचा बनलेला असून ते टाळूच्या मध्यरेषेवर सांधलेले असतात. लहानपणीं हा सांधा पक्का झालेला नसतो. तोंड मिटून नाकानें श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ विसाव्याच्या वेळीं टाळूस टेकलेली असते. तिचा आंतून आणि गालांचा बाहेरून असा दाबाचा तोल राहून जबडा रुंद वाढतो. नाक चोंदलेलें राहिलें, मग तें सर्दीनें असो, धुळीधुरानें आलेल्या सुजेमुळें असो, किंवा नाकामागें वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड नांवाच्या मांसल गांठीमुळें असो, कीं तोंड उघडें पडतें, जीभ खालीं उतरते, टाळू उंच व अरुंद होते आणि दांत दाटीवाटीनें उगवतात. अर्थात् जबड्याची घडण पुष्कळ अंशीं आईबापांकडून येते. नाक कोंदलें म्हणून जबडा अरुंद झाला, कीं जबडा अरुंद म्हणून नाक कोंदलें, हा वाद जाणत्यांत अजून मिटलेला नाहीं. दोहोंचा संबंध आहे, एवढें सर्वांस मान्य आहे.

निजेंत घशाचे स्नायू सैल पडतात. वाट आधींच अरुंद असली, तर ती कांहीं क्षण मिटते. रक्तांतला प्राणवायु उतरतो, मेंदु दचकून किंचित् जागा होतो, श्वास परत येतो. रात्रभर असें होत राहिलें, तर मूल आठ-दहा तास अंथरुणांत असूनहि त्यास खरी विश्रांति मिळत नाहीं. थोर माणूस अशा वेळीं दिवसां पेंगतो. मूल बहुधा पेंगत नाहीं. तें चिडतें, नाचतें, एका जागीं बसत नाहीं, अंथरूण ओलें करतें. म्हणून त्याचा रोग झोंपेचा आहे, हें घरांत कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

प्राचीनांनीं मुखाचा विचार अखंडपणें केला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ६५ मुखरोग सांगितले असून ओठ, हिरड्या, दांत, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशीं त्यांचीं सात स्थानें मानलीं आहेत. दांतांचा वैद्य निराळा आणि कंठाचा निराळा, अशी वाटणी तेथें नाहीं. त्यांत कंठशालूक नांवाची, बोराच्या आठळीएवढी, टणक आणि शस्त्रानें काढण्याजोगी गांठ वर्णिली आहे. वाग्भटानें ती मार्ग अडविते असें म्हटलें आहे. तुंडिकेरी या दुसऱ्या सुजेचें नांव टीकाकारांच्या मतें रानकापसाच्या बोंडावरून पडलें. कापसाच्या गांठींच्या शेजारीं वाढलेल्या आम्हांस हें वाचून मौज वाटली. या गांठी म्हणजे आजचे अ‍ॅडेनॉइड व टॉन्सिलच होत, असा अभिनिवेश धरणें बरें नव्हे. पण पाहणाराची दृष्टि सूक्ष्म होती, हें निश्चित. इकडे ग्रीकांच्या हिपोक्रेटिसाच्या नांवें चालणाऱ्या ग्रंथांतहि उंच टाळू, दाटीचे दांत, डोकेदुखी आणि वाहणारे कान हीं एकाच जातीच्या माणसांत आढळतात, अशी नोंद आहे.

अर्वाचीन काळीं या विषयाचे दोन प्रवाह जवळजवळ एकाच वेळीं निघाले. पण त्यांचा संगम फार उशिरां झाला. इ. स. १८६० मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील एमर्सन एंजेल नांवाच्या दंतवैद्यानें सुमारें चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यांत पेंचाचें यंत्र बसविलें आणि तो पेंच फिरवीत राहण्यास तिला सांगितलें. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दांतांत फट पडली. त्यावरून टाळूचा सांधा उघडला, असें त्यानें अनुमान केलें. ज्या मासिकांत हा लेख छापला, त्याच्या संपादकांचाच त्यावर विश्वास बसला नाहीं. दुसऱ्या प्रवाहाचा उगम कोपनहेगन येथें झाला. तेथील विल्हेल्म मेयर या कानाच्या वैद्यानें पडजिभेच्या मागून वर बोट घालून नाकामागची वाढ प्रत्यक्ष चांचपून पाहिली, आणि १८६८ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. बहिरेपण, नाकांत कोंडलेलें बोलणें आणि सदैव उघडें तोंड या तिन्हींचें मूळ तेथें सांपडलें.

या दोहोंच्या मधल्या काळांत, १८६२ सालीं, जॉर्ज कॅटलिन नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें तोंडानें श्वास घेण्याच्या दुष्परिणामांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. अमेरिकेंतील मूळच्या लोकांत हिंडतांना, तेथील आया निजलेल्या बाळाचे ओठ हलकेच मिटवितात, हें त्यानें पाहिलें होतें. पुस्तकांत अतिशयोक्ति पुष्कळ आहे. पण वैद्य नसलेल्या माणसानें केवळ डोळे उघडे ठेवून किती पाहावें, याचा तो नमुना आहे.

पुढें १८८९ सालीं लंडनच्या विल्यम हिल यानें मुलांच्या मागासलेपणाच्या व मंदबुद्धीच्या कांहीं कारणांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलांत लेख लिहिला, आणि नाक कोंदलेलें, तोंडानें श्वास घेणारें, घोरणारें, अस्वस्थ निजणारें मूल शाळेंत मागें पडतें, तें या अडथळ्यामुळें, असें सांगितलें. १८९२ सालीं विल्यम ऑस्लर याच्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथांत अशा मुलाच्या रात्रीचें वर्णन आलें: मोठा घरघरता श्वास, मध्येंच लांबलेले खंड, आणि चेहऱ्यावरची जड कळा. आमच्या शेजाऱ्याचें चित्र नव्वद वर्षें आधींच काढून ठेवलेलें होतें! १९०७ सालीं दंतरचनाशास्त्राचा अध्वर्यु एडवर्ड अँगल यानेंहि आपल्या ग्रंथांत पुढें आलेले दांत आणि तोंडानें श्वास घेणें यांची सांगड घातली.

मग ही विद्या हरवली कशी? त्याचें एक कारण अतिरेक हें होय. अडथळा सांपडतांच तो कापण्याची लाट आली. १९०६ च्या जूनमध्यें न्यू यॉर्कच्या पूर्व भागांत, म्हणजे गरीब परदेशी लोकांच्या दाट वस्तींत, शाळेंतच कांहीं मुलांचे अ‍ॅडेनॉइड काढण्यांत आले. डॉक्टर मुलांचे गळे चिरीत आहेत, अशी आवई उठली आणि हजारों आया शाळांवर चालून गेल्या. त्यांस अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. पण आपल्या लेंकराच्या घशांत हत्यार जात असतां, समजेल अशा भाषेंत कोणी कांहीं सांगावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. १९३४ सालीं त्याच शहरांत हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६११ मुलांचे टॉन्सिल आधींच काढलेले निघाले. उरलेल्या ३८९ मुलांपैकीं १७४ मुलांस शस्त्रक्रिया हवी, असें डॉक्टरांनीं सांगितलें. राहिलेलीं २१५ मुलें दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविलीं, तेव्हां त्यांतूनहि ९९ निवडलीं गेलीं. आणि उरलेलीं ११६ पुन्हां तपासतां त्यांतून ५१! म्हणजे निवड मुलांच्या घशावरून न होता डॉक्टरांच्या संवयीवरून होत होती. या अतिरेकाची प्रतिक्रिया म्हणून पुढें शस्त्रक्रिया कमी झाल्या, आणि तिच्याबरोबर घोरणाऱ्या मुलाकडे पाहणेंहि कमी झालें.

दुसरें कारण वर सांगितलेली वाटणी. १८४० सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें दंतवैद्यकाचें जगांतील पहिलें महाविद्यालय निघालें, आणि दंतवैद्यक हें वैद्यकाहून स्वतंत्र घर झालें. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिली संस्था काढली. मुंबईंत १९३३ सालीं नायर रुग्णालयाच्या आश्रयानें दंतमहाविद्यालय सुरू झालें. आणि १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांची नोंदवही निराळी झाली. यामुळें व्यवसायास प्रतिष्ठा आली, भोंदूंपासून लोकांचें रक्षण झालें. हा लाभ थोडा नव्हे. परंतु एकाच इमारतीच्या दोन मजल्यांस दोन घरमालक झाले. खालच्यानें छताची डागडुजी करावी, वरच्यानें जमिनीची; मधल्या तक्तपोशीची दाद कोणाकडे मागावी?

आमच्या भागापुरतें बोलावयाचें, तर श्वासाची चिंता मुंबईस नवी नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो कोंदट वस्त्यांत हवा खेळावी यासाठींच. १९१२ सालीं गिरण्यांच्या धुरावर कायदा झाला. १९२९ सालीं परळास लहान मुलांसाठीं वाडिया रुग्णालय उभें राहिलें. जे. जे., नायर आणि वाडिया या तिन्ही संस्था घोडपदेवापासून दोन-तीन मैलांच्या आंत आहेत. खोलींत हवा येते कीं नाहीं, याची चौकशी झाली. ती मुलाच्या नाकांतून आंत जाते कीं नाहीं, ही चौकशी शेगडीच्या धुरांत आणि कापसाच्या तुसांत राहणाऱ्या आमच्या चाळीपर्यंत आमच्या लहानपणीं तरी पोहोंचली नव्हती.

विसरलेली गोष्ट परत आली तीहि दोन वाटांनींच. १९६१ सालीं अमेरिकेंतील दंतरचनातज्ज्ञ अँड्र्यू हास यानें, आधीं डुकरांवर प्रयोग करून, टाळू रुंदावल्यानें नाकाची पोकळीहि रुंदावते, हें दाखविलें. शंभर वर्षांमागचा एंजेल खरा ठरला. १९७० सालीं स्वीडनच्या लिंडर-अ‍ॅरॉनसन यानें अ‍ॅडेनॉइड वाढलेल्या मुलांच्या दंतरचनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. झोंपेंतील श्वासभंगाची यंत्रांनीं नोंद करण्याचें शास्त्र १९६५ च्या सुमारास युरोपांत सुरू झालें होतें; १९७६ सालीं ख्रिश्चन गिलमिनो व त्याचे सहकारी यांनीं आठ मुलांच्या निजेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि ऑस्लरनें कानांनीं ऐकलेली गोष्ट कागदावर रेघांनीं उमटली. त्याच गिलमिनोनें २००४ सालीं इटलींतील पाओला पिरेली या दंतरचनातज्ज्ञ बाईंबरोबर ३१ मुलांचा वृत्तांत छापला. या मुलांचा वरचा जबडा अरुंद होता, पण टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड वाढलेले नव्हते. टाळू रुंदावल्यावर त्यांचा श्वासभंग जवळजवळ नाहींसा झाला. दोन्ही मजल्यांचे मालक अखेर एका जिन्यावर भेटले. त्याच वर्षीं मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व सहकारी यांनीं ६५८ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि शंभरांत साडेसातांस निद्राश्वासभंगाचा पुरता रोग असल्याचें दाखविलें. ती पाहणी थोरांची होती. पण हा रोग परक्यांचा आहे, ही समजूत तिनें मोडली.

इतकें झाल्यावर दंतवैद्यानें मुलाच्या झोंपेसाठीं काय करावें, हा प्रश्न उरतो. आमच्या मतें त्याचें पहिलें काम पाहण्याचें आहे. मूल कान-नाकाच्या डॉक्टराकडे क्वचित् जातें. किडलेल्या दाढेसाठीं दंतवैद्यापुढें मात्र तें आ वासून बसतें. उंच टाळू, दाटीचे दांत, आंत पडलेल्या दाढा, मोठे टॉन्सिल हीं त्यास एका दृष्टिक्षेपांत दिसतात. तेवढ्यावरून रोग ठरत नाहीं. परंतु मूल घोरतें काय, श्वास थांबतो काय, अंथरूण ओलें होतें काय, एवढें विचारून योग्य जागीं पाठविणें त्याच्या हातीं आहे. अमेरिकन दंतवैद्य संघानें २०१७ सालीं हेंच कर्तव्य सांगितलें आणि निदान वैद्याकडे ठेवलें. बालवैद्यांच्या तेथील संस्थेनें २०१२ सालींच, प्रत्येक मुलाच्या तपासणींत घोरण्याची चौकशी करावी, असें सुचविलें होतें. तिच्या म्हणण्याप्रमाणें शंभरांत एक ते पांच मुलांस हा रोग असतो.

उपचारांत बहुधा पहिला मान अजून टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढण्याचाच आहे. २०१३ सालीं अमेरिकेंत पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या कसोटींत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांची निद्रानोंद सात महिन्यांनीं सुधारून नेहमींसारखी झाली. नुसती वाट पाहिलेल्यांपैकींहि शेंकडा ४६ मुलांची झाली. म्हणजे घाई सर्वांसच लागू नाहीं. टाळू रुंदावणें हें अरुंद जबड्याच्या मुलांस उपकारक आहे. यंत्राचा पेंच रोज चावीनें पाव वळसा फिरवावयाचा, एका वळणास सुमारें पाव मिलिमीटर. पण ३१ मुलांचा वृत्तांत म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. त्यांत तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. जबडा चांगला असतां केवळ पुढें श्वासभंग होईल या भीतीनें तो रुंदावूं नये, असें दंतरचनातज्ज्ञांच्या अमेरिकन संघानें २०१९ सालीं स्पष्ट बजावलें आहे. आज कोणी मुलांच्या ओठांस चिकटपट्टी लावण्याचा उपदेश करतात. ज्याचें नाक बंद आहे, त्याचें तोंडहि बंद करणें हें साहस होय. १९३४ ची गोष्ट नव्या यंत्रानें पुन्हां लिहिली जाऊं नये.

आमच्या चाळीच्या आसपास आतां पुष्कळ बदल झाला आहे. मालगाड्या थांबल्या; न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठीं उंच इमारती उठल्या. आमचा तो शेजारी आज आजोबा झाला आहे. मागें त्याच्या सात वर्षांच्या नातवाची दाढ दुखली, म्हणून तो त्यास एका दंतरुग्णालयांत घेऊन गेला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं दाढ पाहिली, टाळू पाहिली आणि सहज विचारलें, "रात्री घोरतो का हा?" पुढें कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं तपासून अ‍ॅडेनॉइड काढले. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आंत बसत होत्या, म्हणून टाळूस यंत्रहि बसलें. रोज रात्रीं चावी फिरविण्याचें काम आजोबानें स्वतःकडे घेतलें. नातू अजून हूड आहे. पण रात्रीं तोंड मिटून निजतो.

हें सर्व सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला हे कुणी कधी विचारलंच नाय रे." त्यास देण्याजोगें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. त्यास 'आ' म्हणून हांक मारणाऱ्यांत आम्हीहि होतों, आणि पुढें आम्हीहि मास्तरच झालों. तीस वर्षें आम्ही वर्गांत जांभई देणाऱ्यास उभें करीत आलों. आतां उभें करण्यापूर्वीं तास संपेपर्यंत थांबतों, आणि मग एकीकडे बोलावून, रात्रीं झोंप कशी लागते, एवढें विचारतों.